उद्याची युद्धनौका आणि आजचा हिशेब

भविष्यकाळातील युद्धनौकेची सुबक प्रतिकृती एकदा मेजावर मांडली गेली, की तिच्याविषयी प्रश्न विचारणे अवघड होऊन बसते. एकच नौका पाणबुडीचा माग काढील, सुरुंग वेचील, शत्रूच्या नौकांशी झुंजेल, असे आश्वासन त्या इवल्याशा नमुन्यात सामावलेले असते. हा विषय तज्ज्ञांचा, इतरांनी त्यात पडू नये, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही रूढ आहे. ती सोडली पाहिजे. जनतेचा पैसा कोठे जाणार हे पुष्कळदा अंदाजपत्रक मांडले जाण्याच्या कितीतरी आधी, आराखड्याच्या कागदावरच ठरून गेलेले असते.

अमेरिकेच्या ‘लिटोरल कॉम्बॅट शिप’ या नौकांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात वावरणारी, ताशी ४० नॉटहून अधिक वेगाने धावणारी आणि कामगिरीप्रमाणे शस्त्रसामग्रीचा संच बदलता येणारी नौका, अशी ही कल्पना होती. सामग्री वगळता एका नौकेचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर धरण्यात आला होता. पहिल्या नौकांचा खर्च त्याच्या दुपटीहूनही पुढे गेला. आराखडा पूर्ण होण्यापूर्वीच बांधणीस प्रारंभ झाला, आणि तीही झालेला खर्च भरून देण्याच्या करारावर! चुकीचा भुर्दंड ठेकेदाराने नव्हे, तर करदात्याने सोसावा, असा या कराराचा अर्थ होता.

पुढे काय झाले? ‘फ्रीडम’ ही पहिली नौका २००८ साली नौदलात दाखल झाली आणि २०२१ साली निवृत्त झाली. सुरुंगविरोधी संच वापरास सिद्ध झाला तो २०२३ साली. पाणबुडीविरोधी संचाचा नाद तर नौदलाने २०२२ सालीच सोडला. वेगाच्या हट्टापायी बसविलेल्या गुंतागुंतीच्या दंतचक्र-यंत्रणेत दोष निघाले. २५ वर्षांचे आयुष्य गृहीत धरलेली ‘सू सिटी’ पुरती पाच वर्षेही सेवेत राहिली नाही.

तरीही बांधणी चालूच राहिली. या नौका विस्कॉन्सिन व अलाबामा या दोन राज्यांतील गोद्यांत बांधल्या जात होत्या, आणि नौदलाने मागितल्या त्याहून अधिक नौकांना तेथील काँग्रेसने पैसा मंजूर केला. कारण सांगितले गेले ते कामगारांच्या रोजगाराचे. येथे समाजवाद्यांनी सावध राहावयास हवे. गोदी कामगाराचा रोजगाराचा हक्क आम्हांला मान्यच आहे. पण निरुपयोगी नौकेवर टांगलेला रोजगार ही कामगाराची सुरक्षितता नव्हे. त्याच गोदीत मालवाहू जहाजे, मच्छीमार नौका आणि प्रवासी बोटीही बांधता येतात.

यावर कोणी म्हणेल की बहुउद्देशीय नौका ही कल्पनाच फोल आहे. तसे नाही. डेन्मार्कने १९८०च्या दशकापासून २२ जुन्या नौकांच्या जागी ‘फ्लायवेफिस्केन’ वर्गाच्या १४ नौका आणल्या. ठरावीक मापाच्या पेटीत बसविलेली शस्त्रे बदलून त्याच नौकेला गस्त, सुरुंगविरोधी काम वा लढाई यांसाठी सज्ज करता येई. मोह कमी होता. काटकसर हाच हेतू होता.

आपल्या मुंबईतही असा संयम पाहावयास मिळाला आहे. माझगाव गोदी सरकारने १९६० साली ताब्यात घेतली. तेथे १९७२ साली पुरी झालेली ‘निलगिरी’ ब्रिटिश आराखड्यावर बांधलेली होती. त्या मालिकेतील पुढच्या नौकांत क्रमाक्रमाने बदल करीत, १९८३ साली आपल्याच आराखड्याची ‘गोदावरी’ नौदलात आली. जानेवारी २०२५ मध्ये दाखल झालेली नवी ‘निलगिरी’ याच परंपरेतील आहे. एकेक पायरी सिद्ध करून पुढची चढावयाची, ही गरीब देशाला परवडणारी रीत होय.

आता पुढील पिढीच्या नौकांची चर्चा चालू असताना, बांधणीची मंजुरी देण्यापूर्वी संसदेने सरकारला तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची मागणी आहे. नौकेवर बसवावयाची कोणती सामग्री आज प्रत्यक्ष चाचणीत उतरली आहे? खरेदीबरोबरच दुरुस्ती, इंधन व मनुष्यबळ धरून नौकेच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च किती? हेच काम साध्या नौकेने होणार नाही ते का? शस्त्रांचा तपशील गुप्त ठेवूनही या प्रश्नांची उत्तरे देता येतात.

देशाचे रक्षण आम्हांलाही प्रिय आहे. म्हणूनच, ज्या नौकेवर आपले खलाशी प्राण पणाला लावणार, ती प्रतिकृतीत नव्हे, समुद्रात खरी उतरली पाहिजे. गोपनीयतेच्या पडद्याआड प्रश्न टाळले गेले, तर त्याची किंमत प्रथम करदाता मोजील आणि अखेरीस खलाशी.