अंगठा कुणाच्या हाती देतोय आपण?



आपल्या आज्या-पणज्यांच्या जमिनी कशा गेल्या, ते आपण दर मोर्च्यात बोलतो. सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, वर काय लिहिलं ते त्यालाच ठाऊक. आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ साली सरकारला वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा अंगठा कागदावर होता, आता मशीनवर आहे. फरक एवढाच.

माझ्या काकीचं सांगते. रोजगार हमीचे पैसे खात्यात जमा झाले होते. लावणीच्या आधी पाड्यावर मशीनवाला आला. काकीला हजार रुपये पाहिजे होते. तिने अंगठा लावला. तो म्हणाला, "उमटला नाही मावशी, काम करून रेषा झिजल्यात, परत लाव." तिने परत लावला. हातात हजार मिळाले. दिवाळीत पासबुक भरलं तेव्हा कळलं, त्या दिवशी हजार-हजार दोनदा निघालेत. बँकेत विचारलं तर म्हणे, "अंगठा तुमचाच ना? मग?"

घरी येऊन काकी मला म्हणाली, "कुणाला सांगू नको, लोक हसतील." पैशांपेक्षा मला ह्याचाच जास्त राग आला. चोरी त्याने केली आणि लाज काकीला!

कोणी म्हणेल, आदिवासी अडाणी म्हणून फसतात. खोटं आहे. शहरातले शिकलेले, मोठ्या पगाराचे लोक "डिजिटल अरेस्ट"च्या फोनला घाबरून लाखो रुपये देऊन बसलेत. फोनवर अटक करायचा कायदाच ह्या देशात नाही. माणूस शिक्षणाने कमी पडत नाही, एकटा पडल्यावर फसतो. चोर आपल्याला एकटं गाठतो, घाई करतो, आणि मागून लाज आपलं तोंड बंद करते.

आता वनपट्ट्याच्या नावानेही फोन येतात. "तुमचा प्लॉट मंजूर झाला, फी भरा, ओटीपी सांगा." साथींनो, दाव्याचा अर्जसुद्धा फुकट मिळाला पाहिजे असं नियमात आहे. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. पट्टा फोनवर मंजूर होत नाही. असा फोन आला की एकच बोला, "आमच्या वन हक्क समितीला लेखी पाठवा." आणि फोन ठेवून द्या.

आणखी चार गोष्टी पाठ करा. अंगठ्याच्या मशीनला सही नको, ओटीपी नको. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. म्हणून दर अंगठ्याला पावती मागा. "उमटला नाही" म्हणाला तर त्याचीसुद्धा पावती मागा. पैसे येण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा पैसे जाणार. व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेच्या नावाने अ‍ॅपची फाइल आली तर दाबू नका. आणि आधारची झेरॉक्स दिली तर ती कशासाठी दिली ते तिच्यावरच लिहा, खाली तारीख टाका.

आधारला ज्यांचा मोबाईल जोडलेला आहे, त्यांना अंगठ्याला कुलूप लावता येतं. पण कुलूप लावलं तर रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, तेव्हा ते उघडावं लागतं. पोरांनी घरच्यांना हे शिकवावं.

पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० नंबरला फोन करा. बँकेत लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली परिपत्रक काढलं. चूक तुमची नसेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ते नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून लाजून घरात बसू नका. काकीला तीन महिन्यांनी कळलं. पासबुक दर महिन्याला भरलं असतं तर लगेच बोलता आलं असतं.

पण हे सगळं घराघरात एकेकट्याने करायचं काम नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने सावकारीवर लक्ष ठेवायचा हक्क आपल्या ग्रामसभेला दिला. मग पाड्यावर मशीन घेऊन येणाऱ्याला ग्रामसभेने का विचारू नये? तो कोण, कुठल्या बँकेचा, ओळखपत्र कुठे, पावती देतो का, हे वहीत लिहून घ्या. त्याने अंगठे घेताना बारावी झालेलं एक पोरगं नाहीतर पोरगी बाजूला बसवा. आणि दर ग्रामसभेत एक विषय ठेवा, ह्या महिन्यात कोण फसलं?

मागच्या सभेत काकी उभी राहिली आणि सगळं बोलली. कोणी हसलं नाही. उलट आणखी तीन बायका उठल्या, "आमचंही तसंच झालं" म्हणाल्या. आता चौघींचा एकच अर्ज बँकेत गेलाय. पोच आमच्याकडे आहे.

जमीन आपण एकटं राहून राखली नाही. अंगठाही एकट्याने राखला जाणार नाही.

जिंदाबाद!