ऑनलाइन अर्ज आणि आपली आडनावे

पूर्वी पेन्शनचा अर्ज करायचा म्हणजे कचेरीच्या ओट्यावर उन्हात बसावे लागे. साहेब दौऱ्यावर असले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच ओटा. आता तसे राहिलेले नाही, आता सगळे ऑनलाइन आहे, असे आपल्याला प्रत्येक सभेत सांगितले जाते. आमच्या पाहण्यात एवढाच फरक पडला की ओटा बदलला. कचेरीच्या ओट्यावरचा माणूस आता संगणकाच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. साहेब दौऱ्यावर असले तर निदान कधी येणार ते शिपाई तरी सांगायचा. सर्व्हर कधी येणार हे कोणीच सांगू शकत नाही.

ऑनलाइनला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. आम्ही स्वतः पोटासाठी बँकेच्या काउंटरवर बसतो. हाताने लेजर लिहिण्याचे दिवस आणि आजचे दिवस दोन्ही आम्ही पाहिले आहेत, आणि जुने दिवस परत यावेत असे आम्हाला मुळीच वाटत नाही. पैसा थेट खात्यात येतो, मधला हात कमी होतो, हा फायदा खराच आहे. पण गेल्या काही महिन्यांत सभासदांनी आमच्यापुढे जे कागद आणून ठेवले ते पाहून एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्या समाजातले अर्ज अडतात ते पात्रता नसते म्हणून कमी, आणि नाव जुळत नाही म्हणून जास्त.

एक उदाहरण देतो. शांतिखनीकडच्या वस्तीतली एक सून. माहेर राजुरा तालुक्यातले. लहानपणी पोलिओ होऊन एक पाय गेलेला. लग्नाआधीच तिने चंद्रपुरात अपंगत्वाचा दाखला काढून ठेवला होता, चाळीस टक्क्यांच्या बराच वर. लग्न होऊन इथे आली आणि २०२२ मध्ये पेन्शनसाठी दाखला दाखवला, तर उत्तर मिळाले, 'हा महाराष्ट्राचा आहे, इथे चालत नाही, इथला सदरम काढा.' सदरमसाठी तपासणी शिबिराची तारीख घ्यावी लागते, तिला 'स्लॉट' म्हणतात. स्लॉट सकाळी उघडायचा आणि चहा पिऊन होईपर्यंत संपायचा. चौथ्या प्रयत्नात तारीख मिळाली. ऑटो करून मंचिर्यालला जाऊन आली, दाखला निघाला. तोवर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती, तो पुन्हा काढला. मग अर्ज परत आला, कारण आधारवर माहेरचे नाव आणि रेशनकार्डावर सासरचे. या सगळ्यात दीड वर्ष गेले. तिचा नवरा रोजंदारीवर आहे. प्रत्येक फेरीला त्याचा एक खाडा.

या बाईवर अन्याय झाला, आणि तो कायद्याविरुद्ध झाला, हे आम्ही जबाबदारीने लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्याने ते २१ केले. त्याच्या कलम ५८ मध्ये स्पष्ट शब्दांत म्हटले आहे की या कलमाखाली दिलेले प्रमाणपत्र सर्व देशभर ग्राह्य राहील. सर्व देशभर म्हणजे त्यात बेल्लमपल्लीही आली. हे दुकानातल्या पोराला माहीत नसेल तर आमचा राग नाही, तो अर्जामागे पैसे घेतो आणि पडद्यावर जे दिसते ते सांगतो. पण ज्यांनी तो पडदा तयार केला त्यांना माहीत असायला हवे होते. २०२५ मध्ये तेलंगणानेही 'सदरम'कडून देशभराच्या यूडीआयडी कार्डाकडे वळायला सुरुवात केली. चांगले झाले. परंतु त्या बाईची दीड वर्षे कोणत्या कार्डावर मिळणार?

योगायोग असा की राजुरा तालुका १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि राजुरा, किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. त्यानंतर ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबादचेही तुकडे झाले आणि बेल्लमपल्ली मंचिर्याल जिल्ह्यात आली. सरकारे सीमा आखतात, जिल्हे पाडतात. आपल्या मुली मात्र अजूनही तिकडे दिल्या जातात आणि सुना तिकडून येतात. सोयरिकीला सीमा ठाऊक नाही, संगणकाला फक्त तीच ठाऊक आहे.

आता आडनावांकडे येऊ. तेलुगू माणसाचे इंटिपेरू आधी येते, बहुधा एका अक्षरात, आणि मग नाव. आपले नाव आधी, मग बापाचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. तीन शब्दांची ही गाडी इथल्या दोन शब्दांच्या रकान्यात बसवताना प्रत्येक लिहिणारा वेगळा डबा तोडतो. आधारवाल्याने आडनाव पुढे घेतले, रेशनवाल्याने बापाचे नाव गाळले, बँकेने दोन्हींची आद्याक्षरे केली. त्यात इंग्रजीची भर. 'वाघमारे' एका कागदावर डब्ल्यूने, दुसऱ्यावर व्हीने, तिसऱ्यावर मधला एच गायब. 'काळे'चा ळ इंग्रजीत ल होतो आणि तेलुगूत परत जाताना कधी ळ होतो, कधी होत नाही. स्त्रियांचे तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नात बाईचे नाव, मधले नाव, आडनाव तिन्ही बदलण्याची रीत. एकाच बाईच्या पिशवीतून तीन बायका निघतात आणि पेन्शन एकीलाही मिळत नाही.

कोणी म्हणेल, एका अक्षराचे एवढे काय? तेलंगणातच काय झाले ते पाहावे. राज्य सरकारच्या 'समग्र वेदिका' या संगणकप्रणालीने वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहायला सुरुवात केली. हैदराबादेतल्या एका सायकलरिक्षा चालवणाऱ्याच्या कुटुंबाचे रेशन बंद झाले, कारण यंत्राच्या हिशेबी त्याच्या नावावर मोटार होती. ती मोटार मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची होती. राज्यात अशी सुमारे १९ लाख रेशनकार्डे २०१६ च्या सुमारास आणि नंतर रद्द झाली, तीही कार्डधारकांना नोटीस न देता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर फेरतपासणी करायला सांगितले. म्हणजे शेवटी माणसालाच माणसाच्या दारात पाठवावे लागले. रद्द करणारे यंत्र, आणि चूक निस्तरणारा माणूस.

रकमेच्या बाबतीत इथल्या सरकारांना कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'आसरा' सुरू झाली तेव्हा दिव्यांगांना १५०० रुपये होते. २०१९ मध्ये ते ३०१६ झाले, आणि जून २०२३ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी आपल्याच मंचिर्यालच्या सभेत ४०१६ ची घोषणा केली. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला तो २०२५ मध्ये. केंद्राचा वाटा तर सांगायला लाज वाटावी असा, ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्यासाठी महिना ३०० रुपये, आणि तो आकडा २०१२ पासूनचा. यानंतर २०२३ च्या निवडणुकीत काँग्रेसने ६००० चे वचन दिले, आणि २८ डिसेंबर २०२३ ते ६ जानेवारी २०२४ या दिवसांत 'प्रजा पालना'चे अर्ज गावोगाव गोळा झाले, सव्वा कोटीच्या आसपास. ते अर्ज कागदावर होते, आणि नंतर कोणीतरी घाईघाईने संगणकात चढवले. त्या घाईत आपली किती नावे बदलली असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. सांगायचा मुद्दा, आकडा १५०० असो की ६०००, ज्याचा अर्जच अडला त्याला दोन्ही सारखेच.

बँकेत बसून दिसणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. खात्याला आधार 'लिंक' असणे आणि सरकारी पैसा त्या खात्यात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका आधारवर चार खाती लिंक असू शकतात, पण आधारवरून पाठवलेला पैसा एकाच बँकेत जातो, जिथे सर्वांत शेवटी मॅपिंग झाले तिथे. वर सांगितलेल्या सुनेचे गॅसचे अनुदान बरेच दिवस माहेरच्या गावातल्या खात्यात जमा होत होते. ती इथे दर महिन्याला पासबुक भरून न्यायची आणि सरकारला बोल लावायची. तेव्हा बँकेत गेलात तर 'आधार लिंक आहे का' असे विचारू नका, 'अनुदानासाठी मॅपिंग कोणत्या बँकेला आहे' असे विचारा. काउंटरवरचा माणूस कंटाळा करील. आम्हीही गर्दीच्या दिवशी केला आहे, कबूल करतो. पण विचारणाऱ्याने हटू नये.

आणखी एक. खाणीत, वीटभट्टीवर, सिमेंटमध्ये ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही. आयुष्यभर ज्या हातांनी कोळसा काढला त्याच हातांनी आपण आपणच आहोत हे सिद्ध करता येऊ नये, याला काय म्हणावे! आंधळ्या माणसाला पडद्याकडे बघून डोळे मिचकाव म्हणणारीही यंत्रे आहेत. ॲसिड हल्ल्यात चेहरा गेलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन वकील याच तक्रारी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या निकालात न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. निकालात वीस निर्देश आहेत. दिल्लीतला निकाल बेल्लमपल्लीच्या पायरीपर्यंत यायला किती वर्षे लागतात ते आपल्या आवाजावर अवलंबून आहे.

आता थोडे कटू बोलतो. गणपतीच्या वर्गणीला आपल्या समाजात अडचण येत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीला डीजे ठरवताना दोन बैठका होतात. पण पायरीवर बसलेल्या म्हातारीबरोबर जायला एक शिकलेला पोरगा मिळत नाही. मग ती मध्यस्थाकडे जाते. तो फॉर्म भरतो, स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, ओटीपी त्यालाच येतो, आणि पुढे सगळ्या दोऱ्या त्याच्या हातात. मते मागायला येणारे सर्वपक्षीय पुढारी याच मध्यस्थांच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या वस्तीत येतात, हेही आपण पाहतो आणि गप्प बसतो.

तेलुगूशी आमचे भांडण नाही. ती आमच्या बाजाराची आणि शेजाराची भाषा आहे, आमची मुले ती शाळेत शिकतात. पण आमची साठीपुढची माणसे तेलुगू बोलतात, वाचू शकत नाहीत. अर्ज फेटाळल्याचा निरोप त्यांच्याच नव्हे, त्यांनी उसन्या घेतलेल्या मोबाइलवर येतो, एका ओळीचा, कारण नसलेला. राज्यघटनेचे कलम ३५० फार थोड्यांना ठाऊक आहे. कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क त्या कलमाने दिला आहे. मराठीत लिहिलेली तक्रार 'भाषा कळत नाही' म्हणून परत करता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावे आणि ते अर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावे. नावात केवळ स्पेलिंगचा किंवा क्रमाचा फरक असेल तर एका प्रतिज्ञापत्रावर काम व्हावे, अर्ज मुळापासून पुन्हा करायला लावू नये. परराज्यातला अपंगत्वाचा दाखला कलम ५८ प्रमाणे मान्य करावा. आणि ज्यांना हलता येत नाही त्यांच्यासाठी तपासणीचे शिबिर मंचिर्यालऐवजी बेल्लमपल्लीत घ्यावे, इथेही सरकारी दवाखाना आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीत जो उमेदवार आपल्या दारात येईल त्याला या चार गोष्टी विचाराव्यात. हो-ना काय ते सही करून द्यावे, पुढच्या अंकात नावासह छापू.

आपल्याकडून एवढे होईल. दर रविवारी सकाळी दहा ते एक आपल्या कार्यालयात टेबल मांडू. येताना आधार, रेशनकार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि असेल तो अपंगत्वाचा दाखला, सगळे मूळ कागद आणि झेरॉक्स आणावेत. पूर्वी केलेल्या अर्जाची पावती असल्यास तीही. मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्यावा. पहिले काम अर्ज भरण्याचे नाही, सर्व कागदांवरची नावे एका वहीत शेजारी शेजारी लिहिण्याचे आहे. ज्यांची अडलेली प्रकरणे आहेत त्यांची यादी करून सोमवारी कलेक्टर कचेरीतल्या प्रजावाणीत देऊ, मराठीत आणि सोबत तेलुगू भाषांतर जोडून. तेलुगू लिहिणारी दोन मुले मिळाली आहेत, आणखी तीन हवी आहेत.