बस्तरच्या ढोकऱ्याला मान, पण भावाचे काय?

१९५९ मध्ये भिलाईत झोतभट्टी पेटली आणि मरोदा सेक्टरसारख्या वसाहती पोलादाभोवती वाढल्या. त्याच छत्तीसगढमधील कोंडागावचे घडवा कारागीर आजही मेणाच्या आकृतीवर माती लिंपून पितळी मूर्ती ओततात. साचा दर वेळी फोडावा लागतो. त्यामुळे दुसरी मूर्ती तंतोतंत तशी होत नाही. आलिशान दिवाणखान्यांच्या सजावटीत मोल आहे ते याच वेगळेपणाला.

बस्तर ढोकऱ्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. २२ सप्टेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या मूर्तींवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मात्र मानांकनाने नावाचे रक्षण होते, किमतीची हमी मिळत नाही. करकपातही प्रथम दिसते ती नोंदणीकृत विक्रेत्याच्या बिलात. मेण, पितळ आणि जळणाचा खर्च कारागिराला विक्रीपूर्वीच करावा लागतो. आगाऊ रक्कम देऊन मागणी नोंदवणारा सजावटकार त्याला अधिक उपयोगी ठरेल.