दरड कोसळली, जबाबदार कोण?

इथल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टात, त्यामुळे आम्हा दुबई-शारजाकरांची कोकणवारी नेमकी भर पावसात. गाडी हळू धावते म्हणून मुलं कुरकुरतात. आम्ही गप्प बसतो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्यानंतर पावसातला वेग उतरवला, डोंगरउतारांवर जाळ्या आल्या.

रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १२४ भलं आहे. चूक कुणाची हे सिद्ध न करताही भरपाई मिळते. मृत्यू झाल्यास २०१७ पासून आठ लाख रुपये. दावा मात्र वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणात लावायचा. गावाकडे हे जरूर सांगून ठेवा.

पण दोष न विचारता पैसे मिळाले, म्हणून दोष विचारायचाच नाही की काय? डोंगर कापताना उतार किती ठेवला? त्या रात्री गस्त कुठे होती? पाऊस तर कोकणात दरवर्षीचाच. तेव्हा ‘निसर्गाचा कोप’ एवढ्या उत्तरावर महामंडळाला सोडू नये, असं आम्हाला वाटतं. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.