जिना उतरण्याचा हक्क

‘बाबा, तुम्ही नुसतं बसा, सगळं हातात आणून देतो.’ मुंबई-पुण्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि ते मायेपोटीच बोललं जातं. पण म्हातारपणी थकलेले पाय पुन्हा सावरत नाहीत, हे त्यामागचं गृहीत टिकणारं नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांतले स्नायू जवळपास एक किलोने घटले. उलट बाजू बोस्टनमध्ये १९९० सालीच दिसली होती. शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या दुर्बल वृद्धांनी आठ आठवडे वजनाचे व्यायाम केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गट जेमतेम दहा जणांचा होता, हे खरं. पण नव्वदीतही स्नायू दाद देतात, हे सिद्ध व्हायला तो पुरेसा आहे. म्हणजे ज्याला आपण वयाचा दोष म्हणतो, त्यातला मोठा वाटा बसून राहण्याचा असतो.

‘आणि पडले तर?’ हा आक्षेप रास्त आहे. खुब्याचं हाड मोडलं की सगळं घर अंथरुणाला खिळतं. पण बसवून ठेवल्याने ही भीती टळत नाही, वाढते. कारण रात्री संडासला तरी उठावंच लागतं, आणि तेव्हा पायांत बळ नसतं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करण्याचा व्यायामक्रम तयार झाला. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं असे त्यातले साधे प्रकार. चाचण्यांत पडण्याचं प्रमाण त्याने सुमारे एक-तृतीयांशाने कमी झालं. हे फिजिओथेरपिस्टकडून समजून घेऊन सुरू करावं, म्हणजे धोकाही आटोक्यात राहतो.

‘टीव्ही आहे, नातवंडांचे व्हिडिओ कॉल आहेत, मग बाहेर कशाला?’ असंही विचारलं जातं. कॉल नातं टिकवतो. पण भाजी निवडून घेणं, दुकानदाराशी हुज्जत घालणं, कट्ट्यावर आपलं मत ठासून मांडणं हे त्यात बसत नाही. आपल्याशिवाय कुणाचं तरी अडतं, ही जाणीव माणसाला घराबाहेरच्या व्यवहारातच मिळते.

राहिला खर्चाचा प्रश्न. डेन्मार्कच्या फ्रेडेरिशिया नगरपालिकेने २००८ साली वेगळी वाट धरली: मदतनीस पाठवण्याआधी वृद्धाला ‘पुन्हा काय करता यायला हवं?’ असं विचारायचं आणि त्याची तयारी करून घ्यायची. २०१५ पासून तिथल्या कायद्यानेही ही दिशा स्वीकारली. तो देश श्रीमंत आहे, पण हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत. मात्र तिथे पोचतात ते चालू शकणारेच. संघाने आठवड्यातून एकदा जिना चढून वर जावं, सोसायटीने दोन्ही बाजूंना कठडा आणि मधल्या वळणावर खुर्ची ठेवावी, नगरपालिकेने फिजिओथेरपिस्ट घरी पाठवावा आणि घरच्यांनी चहाचा कप आयता हातात देण्याऐवजी ओट्यापर्यंत सोबत करावी. जपायचंच असेल, तर माणसाची उभं राहण्याची ताकद जपायला हवी.