साधने विकत घेण्याआधी अंगण पाहा

लहान मुलांना घरीच शिकवायचे ठरवले की पालकांपुढे पहिला प्रश्न येतो तो साधनांचा. मॉन्टेसरीची लाकडी खेळणी, फ्लॅशकार्डांचे संच, वर्गणी भरून वापरायची अ‍ॅप्स, बाजारात सगळे मिळते. जुन्नर आणि आंबेगावातल्या पालकांनी ही निवड करताना एकच कसोटी लावावी, असे मला वाटते. ती वस्तू मुलाला हाताळता येते का, आणि तिच्याबद्दल ते घरच्या बोलीत बोलू शकते का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. त्या वयासाठी या कसोटीला उतरणारी साधने इथे घरोघरी आहेत.

या विचाराला महाराष्ट्रात भक्कम आधार आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मॉन्टेसरीची तत्त्वे त्यांना मान्य होती. महागडी साधने मात्र खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने घडवली. मुले शाळेत येईनात, तेव्हा वर्गच पाड्यावरच्या अंगणात नेला. आकार, वजन आणि क्रम हाताला कळला पाहिजे, हे तत्त्व त्यांनी जपले आणि दुकानातली वस्तू सोडून दिली.

नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोचा तोडा झाला की प्रतवारी सुरू होते. मोठा, मध्यम, बारीक. लालबुंद, पिवळसर, कच्चा. पाच वर्षांच्या मुलापुढे एक पाटी ठेवली तरी वर्गीकरण आणि चढता-उतरता क्रम त्याच्या हाताखालून जातो. एका कॅरेटमध्ये मोठे किती मावले आणि बारीक किती, हे मोजताना आकार आणि संख्येचे नाते त्याला उमगते. आंबेगावच्या पश्चिम भागात हिरडा वाळत घालतात. ओला असताना तो तोलायचा, वाळल्यावर पुन्हा तोलायचा. वजन का घटले, पाणी कुठे गेले, याचा शोध हेच विज्ञान. आठ वर्षांच्या मुलाला नाणेघाट दाखवावा. तिथल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाण्यांचे आकडे कोरले आहेत, आणि भारतातल्या अतिशय जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. गोठ्यातली जनावरे मोजणाऱ्या मुलाला आकडे कशासाठी लागले, हे तिथे सांगावे लागत नाही.

अंगणाने सगळे भागत नाही, हेही खरे. अक्षर आणि ध्वनीची सांगड क्रमाने घालून द्यावी लागते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि आजीने सांगितलेली गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून काढली तर तेही वाचनपुस्तकच. मग इंग्रजीचे काय? इंग्रजी गाणी-गोष्टी कानावर जरूर पडाव्यात. पण चिन्हातून अर्थ काढण्याची कला एकदाच शिकावी लागते आणि ती ओळखीच्या भाषेत लवकर साधते. हा पाया पुढे इंग्रजीलाही उपयोगी पडतो. अर्थ न कळता घोकलेली स्पेलिंगे उपयोगी पडत नाहीत.

उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती असताना मुलांना रानात शिकवा कसे म्हणता, असा आक्षेप येईल. भीती खरी आहे. म्हणून रानातले शिक्षण भर दिवसा, मोठ्या माणसाच्या सोबतीनेच व्हावे, बाकीचे ओट्यावर. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिवसभर शेतात राबणाऱ्या आईवडिलांना हे कसे जमणार? सगळे शिक्षण घरी देणे त्यांना जमणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. त्यांच्या मुलांसाठी अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा भक्कम असलीच पाहिजे. काम करता करता मुलाशी झालेले बोलणे ही तिला जोड. शिकवण्याच्या नावाखाली मुलाला कामाला जुंपणे तर कधीच नको.

जे पूर्ण जबाबदारी घेतात, त्यांनी २००९ चा शिक्षण हक्क कायदा वाचावा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे तो पालकांचे कर्तव्य मानतो. पुढच्या परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे नियम आधीच समजून घ्यावेत, आणि खेळायला सवंगडी रोज मिळतील अशी सोय करावी. सुरुवातीचे काही महिने काहीही विकत न घेता मूल काय विचारते, याची वही ठेवावी. संच घ्यायचाच झाला, तर त्या वहीतल्या प्रश्नांना उपयोगी पडेल तोच घ्यावा.