बर्टनच्या विहिरी आणि श्रेयाचा प्रश्न

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात ट्रेंट नदीच्या काठी बर्टन हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात या गावाच्या बिअरने समुद्रापार नाव कमावले. त्या कीर्तीचे कारण विचारले की आजही एकच उत्तर मिळते: तिथले पाणी. लोकप्रिय इतिहासलेखन बहुधा इथेच थांबते. हे उत्तर खोटे नाही. ते अर्धे आहे, आणि म्हणूनच अधिक दिशाभूल करणारे आहे.

पाण्याचे जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. बर्टनच्या ब्रुअऱ्या बिअरसाठी नदीचे पाणी घेत नसत. त्यांचा भर विहिरींवर होता. त्या परिसराच्या भूस्तरांत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मुबलक आहे. जवळच्या फॉल्ड येथे तर जिप्समची खाण आहे. त्या थरांतून झिरपलेले पाणी क्षार घेऊनच विहिरीत उतरते. डाळ लवकर शिजू न देणारे म्हणून स्वयंपाकघरात ज्याला नावे ठेवली जातात, त्याच जातीचे हे जड पाणी.

हे जडत्व बिअरच्या कामी येते ते असे. मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. माल्टचा भरडा गरम पाण्यात कालवून मुरत ठेवला की त्यातील विकरे पिठूळ भागाची साखर करतात. पाण्यातील कॅल्शियम माल्टमधील फॉस्फेटशी संयोग पावते, त्यातून मिश्रणाची आम्लता किंचित वाढते आणि पीएच साधारण ५.२ ते ५.६ या सोयीच्या पट्ट्यात येतो. बायकार्बोनेट नेमके उलटे काम करते. ते आम्लता मारते आणि धान्याच्या सालीतला तुरटपणा बिअरमध्ये उतरवते. सल्फेटची करामत जिभेवर कळते: हॉप्सच्या कडवटपणाला त्यामुळे कोरडी, स्वच्छ धार येते. फिक्या रंगाच्या, भरपूर हॉप्स घातलेल्या बिअरला हे सारे मानवते.

एवढे वाचून वाटेल की प्रकरण निकालात निघाले. पण बर्टनच्या याच विहिरींच्या पाण्यावर अठराव्या शतकात काय बनत होते? गडद, गोडसर, अतिशय कडक एल. तो माल ट्रेंटमार्गे हल बंदरात जाई आणि तिथून बाल्टिक समुद्र ओलांडून सेंट पीटर्सबर्गपर्यंत पोहोचे. पाणी तेच, जिप्सम तेच, बिअर मात्र पुढे गाजलेल्या बिअरहून अगदी निराळी. पाण्यानेच बिअरचे रूप ठरवले असते, तर त्याने इतकी दशके वाट का पाहिली?

उत्तर भूगर्भात नाही, जकातनाक्यावर आहे. १८०६ साली नेपोलियनने ब्रिटनशी होणाऱ्या व्यापाराची नाकेबंदी जाहीर केली आणि बाल्टिकचा धंदा कोलमडला. युद्ध संपल्यावर तो सावरू पाहत होता, तोच १८२२ च्या रशियन जकातीने इंग्रजी एलची वाट पुन्हा रोखली. बर्टनच्या ब्रुअरांना नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. ते गिऱ्हाईक होते कोलकाता, मद्रास आणि मुंबई येथील गोऱ्यांचे.

या बाजारावर तोवर लंडनच्या पूर्वेकडील बो ब्रुअरीच्या हॉजसन घराण्याची पकड होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोद्या त्यांच्या ब्रुअरीपासून जवळ, आणि कप्तानांना लांब मुदतीची उधारी देण्याची त्यांची तयारी. हॉजसन यांच्या यशात चवीइतकाच या दोन गोष्टींचा वाटा होता. पुढे त्यांनीच उधारी आवळली, कंपनीशी संबंधित मंडळी दुखावली, आणि कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना हॉजसनसारखी फिकी बिअर करून पाहण्यास सुचवले. तिचा पहिला नमुना चहाच्या किटलीत तयार झाला, अशी आख्यायिका सांगतात. अशा आख्यायिका उत्पादकांना फार प्रिय असतात, हे ध्यानात ठेवून ती ऐकावी.

पाण्याची भूमिका सुरू होते ती या टप्प्यावर. लंडनच्या विहिरींचे पाणी बायकार्बोनेटी; काळ्या पोर्टरला ते चालून जाई, कारण गडद भाजलेले माल्ट स्वतःच आम्ल असते. फिकी बिअर बर्टनच्या पाण्यात अधिक उजळ आणि अधिक नेटकी उतरली. ऑलसॉप आणि बास यांनी हॉजसनना मागे टाकले. १८३९ मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि देशांतर्गत बाजारही खुला झाला. लंडनचे सेंट पँक्रस स्थानक १८६८ मध्ये उघडले, तेव्हा त्याच्या तळघरातील खांबांमधले अंतर बर्टनच्या पिंपांच्या मापाने बेतलेले होते. या यशात रूळांचे आणि पिंपे बांधणाऱ्या कारागिरांचे श्रेय किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विहिरीची गोष्ट सांगायला सोपी पडते.

नाव झाले की संशयही येतो. या कडू बिअरमध्ये स्ट्रिक्निन हे विष मिसळतात, अशी आवई १८५२ मध्ये उठली. ऑलसॉप यांनी थॉमस ग्रॅहॅम आणि ऑगस्ट विल्हेल्म होफमान या नामांकित रसायनज्ञांकडून तपासणी करवून तिचे खंडन केले. पुढे रसायनज्ञ ब्रुअरीतच नोकरीला आले. डायझो संयुगांचा शोध लावणारे पीटर ग्रीस १८६२ पासून ऑलसॉप यांच्याकडे बर्टनला होते.

दरम्यान बाहेरच्या कंपन्या बर्टनमध्ये येऊ लागल्या. रोमफर्डची इंड कूप आधी आली. १८७० च्या दशकात ट्रुमन, चॅरिंग्टन, मॅन क्रॉसमन अशी लंडनची बडी नावे आली. पाणी उचलून नेता येत नाही, म्हणून ब्रुअरीच पाण्यापाशी न्यायची, असा हा खर्चिक हिशेब. रसायनशास्त्राने तो मोडीत काढला. पाण्यात जिप्सम घालून बर्टनचा गुण इतरत्र आणण्याच्या पद्धतीचे श्रेय चार्ल्स विल्यम व्हिन्सेंट यांना दिले जाते, साल १८७८. या क्रियेला नावही गावाचेच मिळाले: बर्टनायझेशन. बासने आपला लाल त्रिकोण १८७६ मध्ये ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क म्हणून सुरक्षित करून ठेवला होता. पाण्याची तशी नोंदणी कोणाला करता येणार?

‘पाणी म्हणजे नियती’ या मताला सर्वांत मोठा धक्का मात्र बोहेमियातून बसतो. १८४२ मध्ये पिल्सेन येथे बव्हेरियन ब्रुअर योसेफ ग्रोल यांनी सोनेरी लागर बनवली. पिल्सेनचे पाणी इतके मऊ की त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील दोन सर्वांत गाजलेल्या फिक्या बिअर अगदी विरुद्ध टोकांच्या पाण्यांवर उभ्या आहेत. पिल्सेनच्या पाण्यात बायकार्बोनेटच नगण्य. बर्टनच्या पाण्यात ते होते, पण कॅल्शियम त्याला पुरून उरत होते. हा ताळेबंद विसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ पॉल कोलबाख यांनी ‘उर्वरित क्षारता’ या कल्पनेत मांडला. पीएच ही मोजपट्टीसुद्धा १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे एका ब्रुअरीच्या आश्रयाने, दिली. ‘जड’ आणि ‘मऊ’ ही जुनी विभागणी इथे अपुरी ठरते.

आज घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांच्या हाती ‘ऐतिहासिक शहरांच्या पाण्याचे’ तक्ते असतात. बर्टनसमोर बहुधा लिटरमागे ६०० मिलिग्रॅमहून अधिक सल्फेट लिहिलेले असते. एक ग्रॅम जिप्सम दहा लिटर पाण्यात सुमारे ५६ मिलिग्रॅम प्रतिलिटर सल्फेट वाढवते; त्या हिशेबाने क्षारमुक्त २० लिटर पाण्यात एकवीस-बावीस ग्रॅम जिप्सम ओतले की बर्टन तयार, असा समज होतो. पण तक्त्यातला आकडा कोणत्या विहिरीचा, किती खोलीचा, कोणत्या वर्षीचा? गावातल्या विहिरींचे पाणी एकसारखे नव्हते. शिवाय ब्रुअर पाणी उकळून त्यातील बायकार्बोनेट खाली बसवू शकत. विहिरीतले पाणी आणि माल्टवर पडणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि तक्ता सांगतो तो पहिलीबद्दल. बर्टनच्या जवळ जायचे असेल, तर आधी बायकार्बोनेट उतरवून माल्टच्या मिश्रणाचा पीएच तपासावा. सल्फेट त्यानंतर, चवीपुरते.